लॅपटॉपचं ग्राफिक्स ओव्हनमध्ये भाजून दुरुस्त होते का? घाटंजीकडच्या भावाला सविस्तर उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न पूर्ण वाचला. बाकीच्यांना समजावं म्हणून थोडक्यात परत सांगतो. तुम्ही घाटंजी तालुक्यातल्या गावात लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करता, सेकंडहँड घेतलेला गेमिंग लॅपटॉप आहे, आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह आणि एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५०. आता एडियस हे मिक्सिंगचं सॉफ्टवेअर उघडून काम सुरू केलं की दहा-पंधरा मिनिटात स्क्रीनवर रंगीत चौकोन येतात, मग स्क्रीन काळी होते नाहीतर निळा एरर येऊन रिस्टार्ट होते. तालुक्याच्या दुकानात "मदरबोर्ड गेला, नवीन घ्या" एवढंच सांगितलं. आणि तुम्ही व्हिडिओत पाहिलं की ग्राफिक्स कार्ड दहा मिनिटं ओव्हनमध्ये भाजलं की चालू होते, मावशीकडे केकसाठी ओटीजी आहे, भावाकडे हीट गन आहे, तर करून पाहू का.

मी वणीकडे बोर्ड रिपेअरिंगचंच काम करतो, त्यामुळे सरळ सांगतो, ओव्हनमध्ये टाकू नका. पण नुसतं नको म्हणून मी उत्तर संपवलं तर तुम्ही टाकूनच पाहाल, काहून की लग्नसराई डोक्यावर आहे, नवीन मशीनला पैसे नाहीत आणि दुकानदाराने दुसरा रस्ताच दाखवला नाही. म्हणून कारण नीट समजून घ्या, आणि त्याच्या बदल्यात काय करायचं तेही लिहितो, त्यातलं बरंचसं घरी बसून फुकटात होणारं आहे.

पहिले एक गोष्ट. व्हिडिओत जे कार्ड काढून भाजतात ते डेस्कटॉपचं असते, नाहीतर काही जुन्या जाड वर्कस्टेशन लॅपटॉपमध्ये एमएक्सएम नावाचं वेगळं निघणारं कार्ड यायचं, ते असते. तुमच्या लॅपटॉपमध्ये निघणारं कार्डच नाही. जीटीएक्स १०५० ची चिप आणि तिच्या बाजूच्या मेमरीच्या चिपा सरळ मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या आहेत. म्हणजे भाजायचं तर पूर्ण मदरबोर्ड भाजावा लागणार, त्यावरचे प्लॅस्टिकचे सॉकेट, रॅमचे स्लॉट, यूएसबी, कपॅसिटर सगळं घेऊन.

दुसरी गोष्ट, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकात एक गुंतले आहेत. एक, खरंच ग्राफिक्स चिपच गेली का, की दुसरंच काही आहे. दोन, चिप गेली असली तरी हा सीझन या मशीनवर कसा काढता येईल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा सोपं असते आणि लोक तिकडे जातच नाहीत.

कशालाही हात लावायच्या आधी डेटा काढून घ्या. लोकांच्या लग्नाचं शूटिंग आहे ते, परत होणार नाही. लॅपटॉप थोडा वेळ तरी चालतो तोवर सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त गरजेच्या ड्रायव्हरवर, चालू करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, सेफ मोडमध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर लोड होत नाही म्हणून बहुतेक वेळा चौकोन येत नाहीत. तेही जमलं नाही तर खालचं झाकण उघडून ड्राइव्ह काढा, यूएसबी केसिंगमध्ये टाका आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्हला लावलेलं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा, मशीन पूर्ण बंद पडल्यावर की शोधत बसलेले लोक मी पाहिले आहेत.

आता तपास. स्क्रीनवर घाण दिसली म्हणजे ग्राफिक्स गेलं असं नसते.

लॅपटॉप चालू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, जा आणि तिथे अर्धा तास तसाच ठेवा. तुमच्यासारख्या बहुतेक लॅपटॉपमध्ये स्क्रीनची वायर प्रोसेसरमधल्या इंटेल ग्राफिक्सला जोडलेली असते, एनव्हिडियाची चिप फक्त मागून चित्र तयार करून इंटेलकडे देते. ही पद्धत एनव्हिडियाने २०१० मध्ये ऑप्टिमस नावाने आणली, अन् तेव्हापासून बहुतेक दोन ग्राफिक्सवाल्या मशीन अशाच आहेत. म्हणजे बायोसमध्येही चौकोन किंवा रेषा दिसल्या तर संशय एनव्हिडियावर कमी आणि स्क्रीन, तिची वायर नाहीतर रॅमवर जास्त. स्क्रीनचा कोन हळूहळू मागे-पुढे करा, रेषा बदलल्या तर बिजागरीजवळची वायर कापली जात आहे, हे काम स्वस्तात होते. एक स्क्रीनशॉट घेऊन मोबाइलवर पाहा, स्क्रीनवर रेषा आहेत पण स्क्रीनशॉटमध्ये नाहीत तर पॅनल किंवा वायरकडे बोट जाते. बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही लावून पाहा, पण एवढं लक्षात ठेवा की काही मॉडेलमध्ये एचडीएमआय सरळ एनव्हिडियाला जोडलेला असतो, त्यामुळे टीव्हीवर खराब आणि स्क्रीनवर चांगलं असंही होऊ शकते, आणि तो पुरावा एनव्हिडियाच्या विरोधात जातो.

रॅम काढून परत बसवा, दोन काड्या असतील तर एक-एक लावून पाहा. इंटेल ग्राफिक्स स्वतःची मेमरी ठेवत नाही, हीच रॅम वापरते, म्हणून रॅम खराब असली की स्क्रीनवर अगदी ग्राफिक्स गेल्यासारखे रंग उधळतात. आमच्याकडे ग्राफिक्स गेलं म्हणून येणाऱ्या मशीनमध्ये रॅमचे पाय काळे पडलेले निघतात, पेन्सिलच्या खोडरबराने हळू घासून, ब्रशने साफ करून लावलं की झालं.

चार्जर पाहा. ओरिजिनल चार्जर जळाला आणि बाजारातून दुसरा आणला असेल तर त्यावरचे वॅट वाचा. अशा गेमिंग मशीनला १२०-१३५ वॅटचा चार्जर लागतो आणि पिन बसते म्हणून लोक ६५ वॅटचा लावतात. साधं काम चालते, पण एडियसने एनव्हिडियाला उठवलं की वीज कमी पडते आणि ड्रायव्हर आपटतो.

ड्रायव्हरही एकदा साफ करून टाका. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, सेफ मोडमध्ये ते चालवून जुना ड्रायव्हर पूर्ण काढा आणि मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा टाका. निळ्या स्क्रीनवर व्हिडिओ टीडीआर फेल्युअर असं लिहून येत असेल किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये एनव्हिडियावर पिवळं चिन्ह आणि कोड ४३ असेल, आणि नवीन ड्रायव्हर टाकूनही परत तेच होत असेल, तर मग चिपकडे वळायला हरकत नाही.

आता तुमच्या वर्णनातली सगळ्यात मोठी खूण, "दहा-पंधरा मिनिटात". थंड असताना चालते, गरम झाल्यावर बिघडते. म्हणजे उष्णतेचा हात आहे हे नक्की, पण चिप मेली असं अजून सिद्ध नाही झालं. एचडब्ल्यूइन्फो नावाचं सॉफ्टवेअर लावून टेम्परेचर पाहा. एनव्हिडिया ९५ च्या आसपास जाऊन अडकत असेल तर आधी साफसफाई आणि चिपची गरमी हीटसिंककडे (गरमी बाहेर काढणाऱ्या धातूच्या भागाकडे) नेणारी पेस्ट, बाकी सगळं नंतर.

हे आपल्या भागात फार महत्त्वाचं आहे म्हणून जरा जास्त लिहितो. लॅपटॉप बनवणारे खोलीचं तापमान पंचवीस-तीसच्या आसपास धरून हिशोब करतात, जास्तीत जास्त पस्तीस. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५-४६ असते, टिनाच्या खोलीत दुपारी त्याहून वर. आत येणारी हवाच वीस अंशाने जास्त गरम असली तर चिपही जवळपास तेवढीच वर चढते, पंखा कितीही पळाला तरी. त्यात दिवाळीपासून पुढे भाव येईपर्यंत कापूस घरात भरून ठेवलेला असतो, त्याचे बारीक तंतू पंख्यातून आत जाऊन हीटसिंकच्या जाळीवर नमद्यासारखे बसतात. ही जाळी बाहेरून दिसत नाही, पंखा काढल्याशिवाय कळत नाही. आमच्या वणी भागात कोळशाची भुकटी असते ती वेगळी, ती तेलकट होऊन चिकटते. बाजेवर गोधडी टाकून त्यावर लॅपटॉप ठेवला की खालची हवा बंद. आणि कूलर. खूप लोक लॅपटॉप गरम होतो म्हणून कूलरच्या तोंडासमोर ठेवतात, पण त्या हवेसोबत पाण्याचे बारीक तुषार येतात, आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, ते बोर्डवर बसून महिन्या-दोन महिन्यात हिरवा-पांढरा थर धरतात. त्या थराने मेलेले बोर्ड उन्हाळा संपता संपता आमच्याकडे येतात. कूलर खोलीत असू द्या, पण लॅपटॉप त्याच्या झोतात नको.

साफसफाई घरी करता येते, हाताला सवय असेल तर. चार्जर काढा, झाकण उघडल्याबरोबर पहिले बॅटरीचा कनेक्टर काढा, मगच बाकी. हीटसिंकचे स्क्रू त्यावरच्या नंबरच्या उलट क्रमाने थोडे-थोडे सैल करा, एकदम एक काढू नका, चिपचा काचेसारखा भाग उघडा असतो, कोपरा तुटू शकतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने पुसा, पेट्रोल किंवा थिनर वापरू नका. मेमरीच्या चिपांवर जे मऊ पॅड असतात ते फाटले असतील तर त्याच जाडीचे घ्या, जाड लावले तर हीटसिंक मधल्या चिपवर नीट टेकत नाही, आणि पॅडच्या जागी पेस्ट भरून काम चालवू नका, तिथे फट मोठी असते. अजून एक, पंक्चरच्या दुकानात नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारून आणतात ते बंद करा, त्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असते, आणि पंखा उलटसुलट जोरात फिरून त्याचं बेअरिंग जाते. साधा ब्रश आणि हाताचा ब्लोअर पुरे, पंखा बोटाने धरून.

एवढं करूनही, टेम्परेचर सत्तर-ऐंशीच्या आत असतानाही चौकोन येत असतील तर मग हो, बिघाड चिपमध्ये किंवा तिच्या मेमरीत आहे. आता तुमच्या मूळ प्रश्नावर येतो, भाजल्याने काय होते.

ग्राफिक्स चिप म्हणजे दोन मजल्याचं घर समजा. वर सिलिकॉनचा चकचकीत तुकडा, तो खालच्या छोट्या हिरव्या पट्टीवर हजारो अतिबारीक सोल्डरच्या थेंबांनी बसवलेला, हा वरचा मजला. मग ती हिरवी पट्टी मदरबोर्डवर जरा मोठ्या सोल्डरच्या गोळ्यांनी बसवलेली, हा खालचा मजला. सिलिकॉन गरम झाल्यावर फार कमी पसरते, खालची पट्टी कितीतरी जास्त पसरते. रोज गरम-थंड, गरम-थंड होताना मधले थेंब ताणले जातात. तो ताण वाटून घ्यावा म्हणून वरच्या मजल्यात थेंबांच्या आजूबाजूला एक गोंद भरलेला असतो. गोंद गरमीत मऊ पडणारा निघाला की सगळा ताण थेंबांवर येतो आणि ते तडकतात.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने स्वतः जाहीर केलं होतं की लॅपटॉपच्या काही चिपांमध्ये सिलिकॉन आणि पॅकेजिंगचं साहित्य कमजोर आहे आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत आहोत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲपलने ८६००एम जीटीवाले मॅकबुक प्रो फुकट दुरुस्त करून द्यायचं मान्य केलं. ओव्हनमध्ये भाजायचा उपाय त्याच काळातल्या मशीनवर गाजला. लोकांनी समजून घेतलं की बिनशिशाचं सोल्डर कच्चं असते, खालचे गोळे सुटतात, भाजलं की वितळून परत चिकटतात. युरोपात १ जुलै २००६ पासून सोल्डरमधलं शिसं बंद झालं होतं, वेळही जुळून आली, म्हणून ही समजूत पक्की बसली.

पण आकडे लावून पाहा. शिशाचं जुनं सोल्डर १८३ अंशाला वितळते. बिनशिशाचं, जे तुमच्या लॅपटॉपवर आहे, ते २१७ च्या पुढे. व्हिडिओत ओव्हन किती ठेवायला सांगतात? १९५-२००, आठ-दहा मिनिटं. म्हणजे खालचे गोळे वितळलेच नाहीत. आणि त्या काळच्या चिपांमध्ये वरच्या मजल्यातले जे थेंब तडकत होते ते जास्त शिशाचे होते, त्यांना वितळायला तीनशेच्या वर लागते. मग काहीच वितळलं नाही तर चिप चालू कशी झाली? तापल्यावर सगळं पसरलं, तडकलेले दोन तुकडे एकमेकाला परत टेकले, आणि थंड होताना टेकलेलेच राहिले. जोड झाला नाही, फक्त टेकले. म्हणून ते काही दिवस, काही आठवडे, क्वचित एक-दोन महिने चालते आणि परत सुटते, आणि आपल्या उन्हाळ्यात अजून लवकर सुटते काहून की तेच गरम-थंड इथे जास्त जोरात होते. आमच्या धंद्यातही काही लोक हीट गन मारून, मशीन चालू दाखवून, पूर्ण रिपेअरचे पैसे घेतात. गिऱ्हाईक महिन्याने परत येतो तेव्हा नवीन बिघाड आहे म्हणून सांगतात. मला याची चीड आहे, गरीब माणसाचे पैसे जातात. म्हणून मी हे एवढं लांबण लावून लिहून राहिलो.

आणि तुमच्या बाबतीत तर चिपच आहे का हेही नक्की नाही. रंगीत चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके, हे बऱ्याच वेळा ग्राफिक्सच्या मेमरीचं लक्षण असते. जीटीएक्स १०५० च्या बाजूला मेमरीच्या चार चिपा असतात, त्यातली एक खराब झाली तरी असंच दिसते, आणि खराब मेमरी चिप भाजून चांगली होत नाही. हे घरी थोडं ओळखता येते. एमएसआय आफ्टरबर्नर हे ग्राफिक्सचा वेग कमी-जास्त करायचं सॉफ्टवेअर टाका आणि मेमरी क्लॉक (मेमरीचा वेग) तीनशे-चारशे मेगाहर्ट्झने खाली घ्या, कोर (चिपचा वेग) तसाच राहू द्या, आणि तेच काम करून पाहा. चौकोन गेले किंवा खूप कमी झाले तर संशय मेमरीवर. मेमरीने फरक पडला नाही पण कोर क्लॉक कमी करून पडला तर चिपवर. ही पक्की तपासणी नाही, पण दिशा मिळते, आणि मधल्या काळात तशाच कमी क्लॉकवर काम उरकताही येते.

ओव्हनचे धोके वेगळे सांगतो. ओटीजीचं थर्मोस्टॅट ढोबळ असते, दोनशेवर ठेवलं की आत कधी एकशेसत्तर, कधी अडीचशे, आणि वरची कॉइल लाल झाली की तिच्याजवळचं प्लॅस्टिक सरळ वितळते. बोर्डवरचा छोटा सेल काढायचा राहिला तर तो फुटतो, कपॅसिटर फुगतात. चिपा हवेतला ओलावा शोषून बसलेल्या असतात, एकदम तापवल्या की आतल्या ओलाव्याची वाफ होऊन चिप आतून उकलते, म्हणून चांगले दुकानदार आधी १२५ अंशाच्या आसपास बरेच तास बोर्ड सुकवतात, मगच चिप काढतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्या ओव्हनमध्ये मावशी लोकांच्या पोरांच्या वाढदिवसाचे केक करतात. बोर्डवरून निघणारा फ्लक्सचा (सोल्डरिंगला लावतात त्या पदार्थाचा) आणि प्लॅस्टिकचा धूर आतल्या पत्र्यावर बसतो, दुसऱ्या हाताने रिपेअर झालेल्या बोर्डवर शिसंही असू शकते. खाण्याच्या भांड्यात आणि ओव्हनमध्ये बोर्ड कधीच नाही, याला कोणतीही सूट नाही.

हीट गनचं म्हणाल तर हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती रंग काढायची असते, तोंडाजवळ पाचशे अंश, त्यावर ताबा नाही. चिपच्या आजूबाजूला तिळाएवढे कपॅसिटर असतात ते हवेने उडून जातात, बोर्ड एकाच जागी तापल्याने वाकतो, आणि वाकलेल्या बोर्डवर मग चांगला मेकॅनिकही नवीन चिप बसवू शकत नाही. आम्ही चिप काढतो तेव्हा पूर्ण बोर्ड खालून तापवतो, चिपजवळ तापमान मोजायची वायर लावतो, आणि हळूहळू २३५-२४० पर्यंत नेतो. तुम्हाला हे काम शिकायचं असेल तर जरूर शिका, मनापासून सांगतो, तालुक्याच्या ठिकाणी असे हात फार कमी आहेत. पण नागपूरच्या सीताबर्डीतून भंगारातले मेलेले बोर्ड घ्या आणि त्यावर शिका, मोकळ्या हवेत, चष्मा लावून. पोटापाण्याच्या मशीनवर नाही.

आता यापेक्षा चांगला रस्ता. आतापर्यंतचं एका ओळीत, डेटा काढला, स्क्रीन-वायर-रॅम-चार्जर-ड्रायव्हर पाहिलं, साफसफाई-पेस्ट झाली, तरी चौकोन येतात. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन एनव्हिडियावर राइट क्लिक करून डिसेबल करा. बस. काही मशीनमध्ये बायोसमध्येही तसा पर्याय असतो, तो असेल तर अजून चांगलं, चिपला वीजच जात नाही. तुमच्या आठव्या जनरेशनच्या प्रोसेसरमध्ये इंटेलचं ग्राफिक्स आहेच, लॅपटॉप त्यावर चालतो. हा उपाय शॉर्ट झालेल्या चिपला लागू पडत नाही, म्हणजे लॅपटॉप चालूच होत नसेल तर उपयोग नाही, पण तुमचा चालू होतो. एक खबरदारी, विंडोज अपडेट कधीकधी ड्रायव्हर परत टाकून एनव्हिडियाला जागं करते, तेव्हा अपडेटनंतर एकदा पाहत जा.

तुम्ही म्हणाल मिक्सिंग कसं होईल. होते. तुम्ही एडियसवर आहात हे नशीब समजा, ते बरंचसं काम प्रोसेसरवर करते, आणि फायनल व्हिडिओ काढताना इंटेलचं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ लवकर काढून देणारी सोय, वापरते, जे एनव्हिडियात नाही, याच इंटेल ग्राफिक्समध्ये आहे. जीपीयूवाले, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणारे, ट्रान्झिशन टाळा, साधे वापरा. फोर-के फुटेज असेल तर प्रॉक्सी, म्हणजे त्याची हलकी लहान कॉपी, बनवून कटिंग करा, शेवटी ओरिजिनलवर रेंडर करा. रॅम एकच काडी असेल तर तेवढीच दुसरी लावा, इंटेल ग्राफिक्स रॅमवर जगते आणि दोन काड्या लावल्या की तिला रस्ता रुंद मिळतो, फरक डोळ्याला दिसतो. डाविंची हे मिक्सिंगचं दुसरं सॉफ्टवेअर तुम्ही वापरत असते तर मी असं म्हणालो नसतो, त्याला खरंच ग्राफिक्स लागते.

दुकानात द्यायचंच असेल तर सीझन संपल्यावर, आणि दुकानदाराला आधी हे विचारा. मेमरी चिपांची वेगवेगळी तपासणी करता का, त्यासाठी सॉफ्टवेअर असते, कोणती चिप खराब ते सांगते, आणि एक मेमरी चिप बदलणं हे मोठी चिप बदलण्यापेक्षा बरंच स्वस्त आणि टिकाऊ काम आहे. रिबॉलिंग करतो म्हणाले तर विचारा की चिप तीच ठेवणार की नवीन लावणार. रिबॉलिंगमध्ये खालच्या मजल्याचे गोळे बदलतात, वरचा मजला तडकला असेल तर नवे गोळे लावूनही ते परत जाणार, पैसे वाया. चिप नवीन लावणार असतील तर ती कुठून, दुसऱ्या बोर्डवरून काढलेली की कोरी, आणि लिहून किती महिन्याची गॅरंटी देता. तीन महिन्याच्या खाली गॅरंटी असेल तर मी तरी देणार नाही. खर्च जुन्या लॅपटॉपच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर तोही सोडा, इंटेलवर चालवा आणि ते पैसे पुढच्या मशीनसाठी ठेवा. नेमका आकडा मी इथून सांगत नाही, चिप मिळण्यावर आणि बोर्डच्या हालतीवर तो खूप बदलतो.

बोर्ड नागपूरला पाठवायची वेळ आली तर पूर्ण लॅपटॉप पाठवा, पण ड्राइव्ह काढून घरी ठेवा.

आज संध्याकाळी ऊन उतरल्यावर एवढं करा आणि लिहा: बायोसमध्ये अर्ध्या तासात चौकोन आले का, काम करताना एनव्हिडियाचं टेम्परेचर किती जाते, चार्जरवर किती वॅट लिहिलं आहे, आणि आफ्टरबर्नरमध्ये मेमरी क्लॉक खाली घेतल्यावर काय फरक पडला. बोर्डचा नंबर रॅमच्या स्लॉटजवळ छापलेला असतो, त्याचा फोटोही टाका, म्हणजे तुमच्या मॉडेलमध्ये बायोसमधून एनव्हिडिया बंद करता येते का ते पाहून सांगतो.